फोर्कलिफ्टजवळ गेलं की थरथरणारा टॅग: वापरून झाल्यावरचं मत

आमच्या गोडाऊनमध्ये आणि बाहेरच्या यार्डात फोर्कलिफ्ट, लोडर आणि अधूनमधून पोकलेन असं सगळं एकाच जागेत फिरतं, आणि त्याच जागेतून माणसं पायी ये-जा करतात, म्हणून माणूस मशीनजवळ आला की दोघांनाही इशारा देणारी सिस्टीम बसवली. मशीनवर एक युनिट, केबिनमध्ये छोटा डिस्प्ले आणि बझर, आणि पायी फिरणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला किंवा हेल्मेटला एक टॅग. कुणाची आहे ते लिहीत नाही, कारण मला या प्रकारच्या वस्तूबद्दलच बोलायचंय, घ्यायचा विचार करत असाल तर काय बघायचं ते कळावं म्हणून.

आमची अल्ट्रा वाइडबँडवर चालते, म्हणजे युनिट आणि टॅग एकमेकांना रेडिओ सिग्नल पाठवतात आणि सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात, मध्ये अडथळा नसेल तर हे अंतर वीतभर इकडेतिकडे एवढं बरोबर येतं. बाहेरचा पिवळा झोन आणि आतला लाल झोन, पिवळ्यात आलात तर टॅग हळू थरथरतो, लाल झोनमध्ये जोरात आणि केबिनमध्ये बझर. हे थरथरणं मला सगळ्यात आवडलं. कानात प्लग घातलेला असतो, आजूबाजूला कॉम्प्रेसर चालू असतो, तिथे नुसत्या आवाजाचं कोण ऐकणार, पण दंडाला झटका बसला की माणूस थांबतोच.

आता झोनच्या सेटिंगबद्दल, कारण अर्धा खेळ तिथे आहे. बसवायला आलेल्या माणसाने लाल झोन 3 मीटरचा ठेवला आणि म्हणाला सगळीकडे हेच असतं. हिशोब करून बघा, फोर्कलिफ्ट ताशी 10 किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला पावणेतीन मीटर जाते, ऑपरेटरला बझर ऐकून पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला तरी ते 3 मीटर जवळपास संपले, ब्रेक लागायच्या आधीच, आणि वर पॅलेट असेल तर ब्रेक करकचून मारताही येत नाही कारण माल पुढे घसरतो. शिवाय समोरचा माणूस पण चालतच येत असतो. त्यामुळे 3 मीटरचा झोन उभ्या किंवा अगदी सावकाश सरकणाऱ्या मशीनला ठीक, धावत्या मशीनला काही कामाचा नाही. आम्ही वाढवून घेतला तर दुसरी पंचाईत झाली, पातळ पार्टिशनच्या पलीकडे टेबलावर बसलेला माणूसही मोजला जायला लागला आणि बझर दिवसभर वाजायला लागला. दिवसभर वाजणाऱ्या गोष्टीकडे कोणी बघत नाही, एका केबिनमध्ये तर बझरवर चिकटपट्टी सापडली. त्यात मी ऑपरेटरला दोष देणार नाही, आठ तास तो आवाज कानाशी घेऊन कोणीच काम करू शकत नाही. शेवटी वेगाप्रमाणे झोन लहानमोठा होईल आणि हँडब्रेक ओढला की बझर गप्प बसेल असं करून घेतलं तेव्हा कुठे लोकांनी ते मनावर घेतलं. या दोन सोयी नसतील तर घेऊच नका असं मी म्हणेन.

टॅगला काय कळत नाही ते आता. पहिलं म्हणजे ज्याच्याकडे टॅग नाही तो या सिस्टीमसाठी जागेवर नसतोच. माल घेऊन आलेला ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, दुरुस्तीला आलेला माणूस, आणि हेच लोक सगळ्यात जास्त भलत्या ठिकाणी उभे असतात कारण त्यांना आमचे रस्ते माहीत नसतात. गेटवर पाहुण्यांचे टॅग ठेवलेत, चार्जिंगचा रॅक पण तिथेच आहे, आणि आत येताना टॅग एकदा दाबून लाइट हिरवा येतो का ते बघायचं, बॅटरी उतरलेला टॅग म्हणजे टॅग नसल्यासारखाच.

दुसरं, टॅगला अंतर कळतं, तुम्ही कशात अडकलाय ते कळत नाही. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे पुढचा भाग वळला की मागचं वजन भसकन बाहेर येतं, आणि शेजारी रॅकला टेकून उभा असलेला माणूस रॅक आणि मशीनच्या मध्ये सापडतो. पोकलेनचं तर आणखी वेगळं, ते जागेवरून न हलता फिरतं, केबिन डाव्या बाजूला आणि बूम, म्हणजे पुढचा लांब हात, उजवीकडे, म्हणजे उजवी बाजू आणि पाठ ऑपरेटरला नीट दिसत नाही. काउंटरवेट, म्हणजे मशीनच्या पाठीचं जड वजन, आणि भिंत किंवा ढिगारा यांच्यात निदान अर्धा मीटर तरी मोकळं राहिलं पाहिजे, आणि मुळात त्या घेरात कोणी जाणारच नाही असं बॅरिकेड पाहिजे. तिथे टॅग वाजून काही होत नाही, वाजेपर्यंत तुम्ही आत असता.

तिसरं मला जास्त काळजीचं वाटतं. टॅग आल्यावर लोक ऑपरेटरकडे बघायचं कमी करायला लागले. एक नवीन हेल्पर लोडरच्या बाजूला उभा होता, दंडावरचा टॅग जोरात थरथरत होता, आणि हा निवांत. लोडर बंद झाल्यावर त्याने ऑपरेटरला विचारलं, "दादा, वाजलं म्हणजे मी तुम्हाला दिसलो ना?" ऑपरेटर खाली उतरून म्हणाला, "वाजलं म्हणजे कोणीतरी आहे एवढंच कळतं रे मला. कुठल्या बाजूला आहेस ते नाही कळत." मग त्याने बकेट अर्धी उचलून ठेवली, इंजिन बंद, चावी खिशात, बकेटला सपोर्ट, आणि त्या पोराला सीटवर बसवलं आणि आपल्यातल्या एकाला समोर थोडं लांब उभं केलं. पोरगा काचेला नाक लावून बघत होता, बकेटच्या मागे अख्खा माणूस गायब. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नवीन माणसाला एकदा बंद मशीनच्या सीटवर बसवतात, टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, कितीही तोंडाने सांगितलं तरी एवढं पटत नाही. आणि जवळ जायचा नियम तोच जुना: लांबून थांबायचं, ऑपरेटरने बघून हात वर करायचा, बकेट किंवा फोर्क जमिनीला टेकवायचे, ब्रेक लावायचा, मग पाऊल टाकायचं.

मग घ्यावी का? घ्यावी, पण बझरसाठी नाही, रिपोर्टसाठी. प्रत्येक इशारा कधी आणि कुठे वाजला ते सिस्टीम साठवून ठेवते आणि नकाशावर दाखवते. आमच्या नकाशावर सगळ्यात लाल जागा निघाली ती लोडिंगची नव्हती, जिच्याबद्दल आम्ही इतके दिवस वाद घालत होतो. ती होती पाण्याचं मशीन आणि हजेरीचं पंचिंग असलेला कोपरा, आणि वेळ शिफ्ट बदलायची. पन्नास माणसं एका दमात तिथे येणार आणि फोर्कलिफ्टला बाहेर जायची वाट पण तीच. पाण्याचं मशीन आणि पंचिंग उचलून पलीकडच्या दाराशी नेलं, मधल्या वाटेला लोखंडी रेलिंग टाकलं, आणि शिफ्ट बदलताना गाड्या उभ्या ठेवायच्या असं ठरवलं. त्या कोपऱ्यातले इशारे जवळजवळ बंदच झाले. माणूस आणि मशीनची वाट वेगळी झाली की टॅगला वाजायचं कारणच उरत नाही, आणि वाट कुठे वेगळी करायची ते या रिपोर्टने दाखवलं, एवढ्यासाठी मी रिपोर्टला पैकीच्या पैकी देईन.

सोबत घेतलेल्या बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. फोर्कलिफ्टचा निळा लाइट, जो गाडीच्या काही मीटर पुढे जमिनीवर ठिपका पाडतो, आतल्या रॅकच्या गल्लीत फार चांगला, गाडी वळणावर यायच्या आधी ठिपका येतो, पण बाहेर उन्हात दिसतच नाही. रिव्हर्सचा बीप-बीप काढून खसखस आवाजाचा अलार्म लावला, तो फरक मोठा आहे, एका सुराचा बीप कुठल्या बाजूने येतोय ते कानाला पटकन कळत नाही, खसखशीत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी असतात त्यामुळे मान बरोबर त्या दिशेला वळते. जॅकेट आयएसओ 20471 चं (लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं स्टँडर्ड) क्लास 3, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाचं घ्या, आणि मळकं झालं की धुवा किंवा बदला, त्याचा फ्लुरोसंट रंग दिवसाउजेडी काम करतो, रात्री फक्त चमकणारी पट्टी कामाची, तीही समोरून लाइट पडला तरच.

एकूण सिस्टीमला 5 पैकी साडेतीन. डेमो घेताना मोकळ्या मैदानात घेऊ नका, तिथे सगळ्यांच्याच चांगल्या चालतात. तुमच्याकडचा सगळ्यात वाईट कोपरा निवडा, कानात प्लग घाला, फोर्कवर माल ठेवा, माणसाच्या जागी टॅग लावलेला पुतळा किंवा ड्रम ठेवा आणि गाडी खरंच कुठे थांबते ते टेपने मोजा. आणि झोन बदलायचा पासवर्ड तुमच्याकडे राहील असं आधीच लिहून घ्या, आम्हाला दरवेळी त्यांचा माणूस यायची वाट बघावी लागायची आणि तोपर्यंत चुकीच्या सेटिंगवरच गाड्या फिरायच्या.