बेटांवरील शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण : एका अभ्यासक्रमाविषयी

दुर्गम बेटांवरील शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण कसे द्यावे, हे शिकवणारा एका दूरशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम मी यंदा वडोदऱ्यात घरी बसून पूर्ण केला. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात असलेल्या येथील मराठी मंडळींनी तो करावा का, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

सर्वांत कसदार भाग साउथ पॅसिफिक विद्यापीठावरचा आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या, फिजीतील सुवा येथे मुख्य केंद्र असलेल्या आणि १२ देशांच्या मालकीच्या या विद्यापीठाने इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकातच, उपग्रहाच्या साहाय्याने दूरवरच्या केंद्रांशी बोलण्याची सोय केली होती. ज्या शाळेत एकच शिक्षक आहे, तेथून त्याला प्रशिक्षणासाठी बोलावले की शाळेला कुलूप लागते आणि समुद्र खवळला तर तो वेळेवर परतही येत नाही. म्हणून प्रशिक्षणानेच बेटावर गेले पाहिजे, ही मांडणी मला पूर्णपणे पटली. (सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ आणि तेथील बेट द्वारका हे बेट बडोदे संस्थानात होते, त्यामुळे १९०६ साली सयाजीरावांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा हा प्रश्न बडोद्याच्या अधिकाऱ्यांनाही सर्वस्वी परका नसावा.)

भारतीय बेटांना मात्र जेमतेम दोन पाने मिळाली आहेत. चेन्नईहून अंदमान-निकोबारला जाणारी सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालील केबल २०२० मध्ये आणि कोची-लक्षद्वीप केबल २०२४ मध्ये सुरू झाली, एवढे सांगून लेखक थांबतात. लक्षद्वीपमध्ये मिनिकॉय बेटावरची मुले घरी महल भाषा बोलतात, तर इतर बेटांवर जेसरी बोली चालते. तेथील शिक्षकाला नेमकी कोणत्या भाषेत तयारी हवी, याचा उल्लेखही नाही. बहुवर्ग अध्यापनाचेही, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्याचेही, तसेच वरवर झाले आहे.

खरी निराशा पाठ-निरीक्षणाने, म्हणजे शिक्षकाचे वर्गातले शिकवणे पाहून त्यावर अभिप्राय देण्याच्या भागाने, केली. कमी वेगाच्या जोडणीसाठी ध्वनिफिती आणि मजकूर वापरा, जड व्हिडिओ टाळा, असे पहिल्या घटकात बजावणारी संस्था अंतिम मूल्यमापनासाठी वर्गात घेतलेल्या संपूर्ण तासिकेचा व्हिडिओच मागते, आणि त्यावर मार्गदर्शकांचा अभिप्राय शाबासकीच्या दोन ओळींपलीकडे जात नाही. फळ्याकडे पाठ करून किती वेळ बोललो, मागच्या बाकावरच्या मुलांना प्रश्न विचारले की नाही, हे कोणी सांगितले असते तर शुल्क सार्थकी लागले असते.

छोटा उदेपूरच्या डोंगरपट्ट्यातील शिक्षकांसाठी साहित्य तयार करणाऱ्यांना पहिले तीन घटक नक्कीच उपयोगी पडतील. संस्था घटक सुटे विकत असल्याने तेवढेच घ्यावेत. प्रमाणपत्र हवे असल्यास ते नोकरीत ग्राह्य धरतात का, हे पैसे भरण्यापूर्वी आपल्या कार्यालयात विचारून घ्यावे.