लूज खेळाडूचा हिशेब मांडायला इक्विलॅब: माझा अनुभव

पोकर टूर्नामेंटमध्ये समोरचा लूज असतो, म्हणजे कुठलेही पत्ते घेऊन डावात उतरतो, आणि आपल्याला कळत नाही की आता कॉल करायचा, म्हणजे त्याच्याइतके पैसे घालायचे, की पत्ते टाकायचे, अशी अडचण ज्यांना येते त्यांनी इक्विलॅब हे जिंकण्याची शक्यता मोजणारं सॉफ्टवेअर नक्की वापरावं. विंडोजवर चालतं, फुकट आहे. मी पुण्यात बारावीला स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि सुट्टीत पणजीला, मांडवीवरच्या कॅसिनोत टूर्नामेंट खेळायला जाते. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरचं ऑनलाइन पोकर बंद झालं, तेव्हापासून माझा घरचा सराव यावरच चालतो.

आत हातातल्या दोन पत्त्यांचा 13 बाय 13 चा तक्ता आहे. कर्णावर जोड्या, एका बाजूला सूटेड (दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे), दुसऱ्या बाजूला ऑफसूट (वेगळ्या चिन्हांचे). चौकोन 169, पण सगळे सारख्या वजनाचे नाहीत. जोडी 6 प्रकारे येते, सूटेड हात 4 प्रकारे, ऑफसूट 12 प्रकारे; सगळे मिळून 1326. समोरच्याकडे जे असू शकतं ते चौकोन रंगवायचे, आपला हात भरायचा, की जिंकण्याची टक्केवारी समोर येते.

एक डाव बघा. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी आधीच घालायचे सक्तीचे पैसे, 500-1000; त्यातला मोठा देणारा, म्हणजे बिग ब्लाइंड, अँटी म्हणून आणखी 1000 घालतो. बटणावरचा, म्हणजे डीलरच्या जागेवरचा खेळाडू 10,000 घेऊन ऑल-इन (सगळ्या चिप्स मधे), बाकी सगळे बाहेर. आपण बिग ब्लाइंडमध्ये, हातात एक्का-गुलाम ऑफसूट. मधे 12,500 आहेत आणि आपल्याला अजून 9,000 घालायचे आहेत. 9,000 भागिले 21,500, म्हणजे साधारण 42 टक्के वेळा जिंकलो तर कॉल परवडतो. आता समोरचा फक्त दश्शीच्या जोडीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा यांवरच उतरणारा असेल, तर आपले 29 टक्क्यांच्या आसपास, पत्ते टाका. तोच कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, दश्शी किंवा वरची कुठलीही दोन पानं यांवर उतरणारा असेल, तर आपले सुमारे 57. पत्ते तेच, पैसे तेच, तरी उत्तर पार उलटं. शिवाय आपल्या हातात एक एक्का असल्याने त्याच्या एक्का-जोडीचे 6 प्रकार 3 वर येतात आणि एक्का-राजाचे 16 चे 12 होतात. ही वजाबाकी सॉफ्टवेअर आपोआप करतं.

मग तो खरंच लूज आहे हे कशावरून? इथे बेझचा नियम, म्हणजे नव्या पुराव्याने शक्यता बदलायची रीत, कामाला येतो. टाइट खेळाडू 100 तले 5 हात खेळतो आणि लूज 40, असं धरा. नवा माणूस टेबलावर बसला, दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या. पहिल्याच डावात तो पैसे घालून आत आला, तर पारडं 8 ला 1 झालं. लगेच पुढच्या डावातही आला, तर 64 ला 1. मुलांना वर्गात हे बॉलच्या पिशव्यांवर शिकवावं लागतं. टेबलावर दोन डावांत पटतं.

मात्र स्लायडर जपून वापरा. तो 40 टक्क्यांवर नेला की सर्वांत चांगले 40 टक्के हात रंगतात. लूज माणूस तसा खेळत नाही. त्याला सूटेड दिसलं की मोह होतो, बारका एक्का सोडवत नाही, आणि चांगल्या हातांवर तो आधीच रेज करून, म्हणजे पैसे वाढवून, बसलेला असतो. म्हणून चौकोन हाताने रंगवा आणि ही रेंज, म्हणजे तो खेळू शकतो त्या हातांचा संच, त्या प्रकारच्या खेळाडूच्या नावाने सेव्ह करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक डावात लिंप करणारा, म्हणजे फक्त बिग ब्लाइंडइतके पैसे घालून आत येणारा माणूस ऑल-इनलाही तितकाच सैल असतो असं मुळीच नाही. कित्येक जण हजारासाठी काहीही खेळतात आणि सगळ्या चिप्स घालताना हात घट्ट आवळतात. दोन्हींच्या रेंज वेगळ्या ठेवल्याशिवाय वर निघालेल्या 57 ला काही अर्थ नाही.

आणखी एक मर्यादा. वरचा 42 टक्क्यांचा हिशेब चिप्सचा आहे. बक्षिसाच्या उंबरठ्यावर गमावलेल्या चिप्स कमावलेल्या चिप्सपेक्षा महाग पडतात, त्यामुळे तिथे 42 वर थांबून चालत नाही, जास्त लागतं. त्यासाठी आयसीएमचं, म्हणजे चिप्सची बक्षिसाच्या पैशांत किंमत काढणारं, वेगळं साधन घ्यावं लागेल. डाव चालू असताना टेबलावर फोन काढू देत नाहीत, तेव्हा चिप्स 10 बिग ब्लाइंडच्या आत असतानाचे नेहमीचे हात घरूनच पाठ करून जा. मी एक्का-गुलाम, एक्का-नव्वी आणि मधल्या जोड्या आधी घेतल्या.