पॅकेजच्या करारात चूक कोणी ठरवायची?

ऑपरेशनचं पॅकेज घेताना हॉस्पिटल जो करारनामा पुढे करतं, त्यात ‘टाळता येण्याजोगी वैद्यकीय चूक’ म्हणजे काय ते कुठे लिहिलंय, हे आधी शोधा. आमच्या काकीच्या कागदावर ठळक अक्षरात होतं, की अशी चूक झाल्यास पुढच्या उपचारांचा सगळा खर्च रुग्णालय करील. त्याच्याच खाली बारीक अक्षरात: ‘अशी चूक म्हणजे रुग्णालयाच्या अंतर्गत समितीने तशी लेखी नमूद केलेली चूक.’ ठळक ओळ दाखवून आम्हाला पॅकेज विकलं आणि बारीक ओळ दाखवून परत पाठवलं. प्रकरण ग्राहक आयोगासमोर न्यायचं असल्यामुळे हॉस्पिटलचं नाव इथे देत नाही.

आमचं गाव देवगड तालुक्यात. देवळाच्या मंडपात मोफत तपासणी शिबिर झालं, त्यात काकीच्या गर्भपिशवीत गाठी निघाल्या. दोनच दिवसांत हॉस्पिटलचा कोऑर्डिनेटर घरी हजर. आंब्याचा हंगाम नुकताच आटपला होता, कलमांचे पैसे हातात होते, आणि शिबिरवाल्यांना हे बरोबर ठाऊक असतं. ऑपरेशन, भूल, औषधं, खोली सगळं मिळून ६५,००० रुपये. काकांनी विचारलं, काय कमी-जास्त झालं तर? त्याने ठळक ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘काका, हे बघा, एक पैसा मागणार नाही.’ काका आजही सांगतात, “त्येना काय सांगल्यान ता मी माझ्या कानान आयकलंय.”

ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून काकीचं पोट दुखायचं, संध्याकाळी कणकण यायची. दाखवायला नेलं की गॅस आहे, टाके ओढतायत, होईल कमी. भर पावसात शेवटी गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनच्या पडद्यावर एक गोळा दाखवला आणि त्यातली पांढरी, वळवळीत रेघ. रक्त टिपायला पोटात जे कापडी मॉप वापरतात, त्यांत एक्स-रेला दिसणारा धागा मुद्दाम घातलेला असतो. मॉप आत राहिलाच तर सापडावा, एवढ्यासाठीच तो धागा. काकीच्या पोटातला मॉप आतड्याला चिकटला होता, आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला. बिल झालं १,६०,००० रुपये.

ते बिल घेऊन आम्ही पहिल्या हॉस्पिटलात गेलो. उत्तर लेखी आलं: समितीने प्रकरण तपासलं, ही शस्त्रक्रियेतली ज्ञात गुंतागुंत आहे, चूक अशी नोंद झालेली नाही, सबब खर्चाचं कलम लागू होत नाही. समितीत कोण? ऑपरेशन करणारे डॉक्टर, मालक आणि मॅनेजर. ज्याच्या हातून घडलं त्यानेच ठरवायचं की घडलं नाही, असा हा करार.

गुंतागुंत आणि चूक यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. सगळी काळजी घेऊनही रक्तस्राव होतो, जखम चिघळते, औषधाची रिॲक्शन येते. त्यासाठी डॉक्टरला धारेवर धरणं अन्याय आहे. पण मॉप आत गेले किती आणि बाहेर आले किती, ही मोजणी आहे. अमेरिकेत २००२ साली नॅशनल क्वालिटी फोरमने कधीच घडू नयेत अशा घटनांची यादी केली. भलत्याच अवयवावर ऑपरेशन आणि पोटात वस्तू राहणं या दोन्ही गोष्टी तीत आहेत. ऑक्टोबर २००८ पासून तिथल्या मेडिकेअर या सरकारी योजनेने अशा काही घटनांमुळे वाढलेला खर्च हॉस्पिटलला देणं बंद केलं. म्हणजे यादी आधी ठरलेली असते, घटना घडल्यावर समिती बसवून ठरवायची नसते. आपल्याकडे तर औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. १९९६ साली याच, म्हणजे अच्युतराव खोडवा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अशा ठिकाणी घडलेली गोष्टच हलगर्जीपणा सांगते, आणि भरपाईची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. मग गावातल्या हॉस्पिटलची तीन माणसांची समिती त्यावर काय वेगळं ठरवणार?

आम्ही कागद मागायला सुरुवात केली तेव्हा डिस्चार्ज कार्डापुढे काही मिळेना. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तोंडी मागत बसू नका. अर्ज द्या, त्यात हा नियम लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तसा अर्ज दिल्यावर ऑपरेशनच्या मोजणीचा तक्ता हातात आला. सुरुवातीच्या रकान्यात मॉप: १०. शेवटच्या रकान्यात आकडा नाहीच, नुसतं ‘बरोबर’. खाली नर्सच्या सहीची जागा कोरी.

तक्ता आमच्याकडे आल्यावर कोऑर्डिनेटर पुन्हा घरी आला, या वेळी ४०,००० चा चेक घेऊन. सोबतच्या कागदावर ‘संपूर्ण व अंतिम’ आणि ‘यापुढे कुठेही तक्रार करणार नाही’. काकीनेच तो कागद परत केला. अडचणीतल्या माणसाला ४०,००० पण मोठे वाटतात आणि तिथेच बहुतेकांचं प्रकरण मिटवलं जातं. सहीशिवाय मिळत नसेल तर असा चेक घेऊ नका.

सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून आमची सिंधुदुर्गनगरीला जाईल. २०१९ च्या कायद्यात ग्राहकाचं नुकसान करणारी अवाजवी अट घालणाऱ्या कराराला अनुचित करार म्हटलंय, पण ती अट रद्द करून घ्यायची तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. वकिलांशी आमचं त्यावरच बोलणं चाललंय.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी सहीपूर्वी ही ओळ हाताने लिहून घ्या आणि खाली डॉक्टरांची सही घ्या: ‘शरीरात वस्तू राहणे, चुकीच्या बाजूवर किंवा चुकीच्या अवयवावर शस्त्रक्रिया, चुकीच्या गटाचे रक्त देणे या घटना रुग्णालयाची चूक मानल्या जातील, त्यासाठी समितीच्या निर्णयाची गरज नाही, आणि पुढचे उपचार इतर रुग्णालयात झाले तरी त्यांचा खर्च आम्ही देऊ.’ आमच्या वाडीतल्या एकाने हर्नियाच्या ऑपरेशनआधी दुसऱ्या हॉस्पिटलात ही ओळ मागितली. काउंटरवरच्या माणसाने आमच्याकडे अशी पद्धत नाही म्हणून कागद परत केला. सर्जन बाहेर आले, त्यांनी ओळ वाचली आणि तिथेच उभ्याने सही केली.