टॅली की झोहो बुक्स? आधी तुमच्या खात्यांची यादी उघडा

हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की दुकानदार आधी किंमत विचारतो, मग मोबाइलवर दिसेल का ते विचारतो. खात्यांच्या यादीचं कुणी विचारत नाही, कारण 'ती काय, इम्पोर्ट होते.' होते, पण टॅलीप्राइममध्ये (म्हणजे आजच्या टॅलीत) ज्याला खातं म्हणतात आणि झोहो बुक्समध्ये ज्याला म्हणतात, त्यात फरक आहे. दोन्हींतलं काय घ्यावं याचं निम्मं उत्तर या फरकातच मिळतं.

टॅलीत सगळंच लेजर, म्हणजे खातं. गल्ल्यातली रोकड लेजर, दुकानभाडं लेजर आणि उधारीवर सिमेंट नेणारा प्रत्येक कंत्राटदारही लेजरच, फक्त तो 'संड्री डेटर्स' (येणेकरी) ग्रुपखाली बसतो. आपल्या जुन्या खतावणीतही प्रत्येक पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला किंवा पुरवठादाराला, स्वतंत्र पान असायचं, त्यामुळे वहीतून आलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. झोहोत गिऱ्हाइकं आणि पुरवठादार खात्यांच्या यादीत नसतातच. त्यांचे विभाग वेगळे, आणि यादीत त्यांच्या वतीने येणं आणि देणं अशी दोन ठोक खाती.

समजा तुमच्याकडे 400 लेजर आहेत आणि त्यांतल्या 340 पार्ट्या आहेत. टॅलीतून टॅलीत जायचं तर चारशेची यादी जशीच्या तशी जाते. झोहोत न्यायची तर आधी तिचे तुकडे करायचे: 60 खात्यांची एक फाइल, गिऱ्हाइकांची दुसरी, पुरवठादारांची तिसरी. हे न करता अख्खी यादी आत ढकलली, तर प्रत्येक कंत्राटदाराच्या नावाने एक 'करंट ॲसेट' (चालू मालमत्तेचं खातं) उभा राहतो आणि त्याच्यावर बिल काही फाडता येत नाही.

आता वर्गवारी. टॅलीत 28 ग्रुप तयार मिळतात, 15 मुख्य आणि 13 उपग्रुप. तयार लेजर मात्र दोनच, रोकड आणि नफा-तोटा. बाकी सगळं तुम्ही आणायचं. झोहो उलट आहे. तिथे कंपनी उघडली की बरीच खाती आधीच मांडून ठेवलेली असतात, अगदी इनपुट (खरेदीवरचा) आणि आउटपुट (विक्रीवरचा) सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटीसुद्धा. म्हणून जीएसटीची आपली जुनी लेजरं झोहोच्या फाइलमधून आधी काढून टाका. नाहीतर प्रत्येक कराची दोन-दोन खाती होतात आणि बिलातला कर झोहोच्याच खात्यात जमत राहतो. टॅलीत हीच लेजरं 'ड्यूटीज अँड टॅक्सेस'खाली घ्यावी लागतात आणि कराचा प्रकार बरोबर निवडावा लागतो.

सगळ्यात महाग चूक डायरेक्ट-इनडायरेक्टची, म्हणजे माल दुकानात आणण्याचा खर्च आणि दुकान चालवण्याचा खर्च यांच्या गल्लतीची. एकदा माझ्याच हातून एक्सेलमध्ये कॉलम भरताना हमाली आणि आवक टेम्पोभाडं 'इनडायरेक्ट एक्सपेन्सेस'मध्ये गेलं. निव्वळ नफा तोच राहिला, पण ढोबळ नफा असा फुगला की कॅश क्रेडिटच्या (धंद्याच्या खेळत्या कर्जाच्या) नूतनीकरणावेळी बँकेने विचारलं, या वर्षी एकदम एवढं मार्जिन कुठून आलं? टॅलीत लेजरचा ग्रुप बदलला की अहवाल लगेच सुधारतात, म्हणून निभावलं. झोहोत 'डायरेक्ट' नावाचा प्रकार शोधत बसू नका. हमाली, तोलाई, आवक वाहतूक 'कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड'मध्ये (विकलेल्या मालाच्या खर्चात) जाते आणि भाडं, वीज, पगार 'एक्सपेन्स'मध्ये.

फाइलच्या स्वरूपाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. झोहो सीएसव्ही किंवा एक्सेल घेतो आणि तुमचा कोणता कॉलम त्याच्या कोणत्या रकान्यात जाणार ते पडद्यावर विचारतो. टॅलीत पूर्वी एक्सएमएल (खुणांच्या चौकटीत माहिती लिहिलेली फाइल) हाच राजमार्ग होता, टॅलीप्राइम 4.0 पासून एक्सेलही चालतं. एक्सएमएल हाताने बनवणारा कुणी भेटला तर त्याला एवढंच सांगा की टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे (डेबिट) शिल्लक उणे चिन्हाने लिहितात. दोन्हीकडे वरचं खातं किंवा ग्रुप आधी तयार हवा आणि त्याचं नाव अक्षरशः तेच हवं. शेवटी राहिलेली एक स्पेससुद्धा गोंधळ घालते. जुन्या टॅलीतून यादी काढताना तेरीज (ट्रायल बॅलन्स) घेऊ नका. शून्य शिल्लकेची खाती तिच्यात दिसत नाहीत, लेजरची यादीच घ्या.

आरंभीच्या शिलकेत मला टॅली सोपी वाटते. शिल्लक लेजरसोबतच येते आणि बेरीज जुळली नाही, तर ताळेबंदात 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' म्हणून तफावत टोचत राहते. झोहोत पार्ट्यांची बाकी पार्ट्यांच्या फाइलमधून आणि उरलेली शिल्लक 'ओपनिंग बॅलन्सेस'च्या पानावर भरायची. न जुळलेली रक्कम 'ओपनिंग बॅलन्स ॲडजस्टमेंट्स' या खात्यात जाऊन बसते. ते नाव एखाद्या खऱ्या खात्यासारखं वाटतं, म्हणून नवख्याच्या लक्षात येत नाही. ते शून्य होईपर्यंत पहिलं बिल फाडू नये.

पार्ट्यांची बाकी मात्र कुठेही न्या, बिलवार न्या, म्हणजे प्रत्येक बिलाची वेगळी. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे 15 दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 पासून उशीर झाला तर त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. ठोक बाकीतून कोणत्या बिलाचे किती दिवस झाले ते कळणार कसं?

मग घ्यायचं काय? पार्ट्या शेकड्याने, माल ठेवायचा, आणि सीए दर तिमाहीला टॅलीचा बॅकअप मागतात, असं असेल तर मी टॅलीच सांगेन. झोहोतून टॅलीत डेटा फिरवून देण्याचं काम वर्षाला चार वेळा अंगावर घेण्यात अर्थ नाही. डिझाइनर, सल्लागार, लहान आयटी फर्म, मालक निम्मा महिना बाहेरगावी आणि पार्ट्या पंचवीस-तीस, तर झोहो. तिथे मी जुनी यादी नेतसुद्धा नाही. त्यांच्याच तयार खात्यांत आपली दहा-पंधरा भरतो आणि 'ट्रान्सपोर्ट', 'वाहतूक', 'टेम्पो' अशी एकाच खर्चाची तीन खाती त्या निमित्ताने एक करतो.

तारीख शक्यतो 1 एप्रिल धरा, म्हणजे फक्त ताळेबंदाच्या बाकी न्याव्या लागतात. मध्येच, ऑक्टोबरात वगैरे जायचं, तर उत्पन्न-खर्चाच्या सहा महिन्यांच्या बेरजाही न्याव्या लागतील. आणि कुठेही जा, आधी एक चाचणी कंपनी उघडून त्यात दहा खाती, दोन पार्ट्या आणि एक कराचं बिल एवढंच टाकून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.