फाल्गुनातली सकाळ : मनुदेवीला की मेहरूण तलावावर?

होळी जवळ आली की आमच्या घरात दरवर्षी हाच विषय, पोरांना घेऊन जायचं कुठं. बाहेरगावचे पाहुणे हसतात, म्हणतात जळगावात कसला वसंत, तुमच्याकडं थंडी गेली की डायरेक्ट उन्हाळा. अर्धं खरं आहे भो. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण वैशाखात आपण कूलरचं गवत बदलून राह्यलो असतो. आपला वसंत होळीच्या आठ दिवस आधीपासून फार तर पाडव्यापर्यंत, आणि तोही सकाळी सहा ते साडेनऊ एवढाच.

शहरातला मेहरूण तलाव आणि सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी, दोन्हीकडं सहकुटुंब बऱ्याचदा जाऊन आलोय. देखावा म्हणाल तर मनुदेवीला तोड नाही. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, आणि आडगाव मागं पडलं की डोंगराच्या बाजूला पळस, अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं. धबधबा तेवढा विसरा, पावसाळ्यातले फोटो पोरांना आधी दाखवले तर तिथं तोंडं पाडून बसतील. मला खरं म्हणजे मोह दाखवायचा होता. मोहाची फुलं रात्रीतून गळतात, पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो आणि पावरा आदिवासी बाया टोपल्या घेऊन वेचत असतात.

पण माझं घोडं इथंच पेंड खातं. साडेपाचला निघायचं ठरतं आणि निघतो कधी? गेल्या वर्षी आम्ही आणि चुलतभावाचं बिऱ्हाड मिळून दोन गाड्या, आमची गाडी सहाला दारात उभी, तर तिकडून फोन, दहाच मिनिटं दादा, वहिनी पुऱ्या तळून राह्यल्या. मग कुणाचं चार्जर राहिलं, कुणाला पेट्रोल भरायचं होतं, कुणाला नाक्यावर चहा पाहिजे, असं करत करत पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मोहाखाली एक फूल नाही, सगळं वेचून नेलेलं. देवीपुढं चप्पल काढली तर फरशीचा असा चटका की धाकटी रडायलाच लागली, तिला कडेवर घेऊन मी टाचांवर नाचत दर्शन केलं. पळस होताच म्हणा, पण काचा लावून एसीतून पाहिला. तुमच्या घरची माणसं वेळेवर निघत असतील तर हा सगळा पॅरेग्राफ सोडून द्या, तुम्ही मनुदेवीलाच जा.

मेहरूणचं तसं कौतुक सांगण्यासारखं कमीच आहे. मेहरूणची प्रसिद्ध बोरं तोवर संपलेली असतात, आणि बोरांच्या बागाही आता कितीशा उरल्या, सगळीकडं प्लॉट पडले. काठाला निर्माल्याच्या पिशव्या दिसतात, रविवारी जॉगिंगवाल्यांची गर्दी. पण घरून दहा मिनिटं. कुणी उशिरा उठलं तर मागून स्कूटीवर येतं, कुणाचं कुणावाचून अडत नाही, आणि सव्वासहाला आम्ही पाण्याजवळ असतो. निंबाला मोहोर आलेला असतो, त्याचा तो कडू-गोड वास, पिंपळाची तांबूस कोवळी पानं, कोकिळा तर अशी ओरडत असते की आईला फोनवर बोलता येत नाही. थंडीत आलेली बदकं बहुतेक गेलेली असतात, पण बगळे, पाणकावळे असतात, पोरांना तेवढे पुरतात. डब्यात पोहे. मोठा मुलगा एकदा स्वतःहून बोलला की इथं मस्त गार वाटतंय, आता जळगावात मार्च महिन्यात हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय सांगा.

उन्हं वर आल्यावरही बाहेर राहायचंच असेल तर जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ आहे, २०१२ पासून. मस्त आहे, पण ते म्युझियम, पाहुणे आले की जायचं ठिकाण.

मनुदेवी वाईट असं माझं म्हणणं नाही, एक मुक्काम किनगावकडं कुणा नातेवाइकाकडं जमत असेल तर मीही तिकडंच जाईन, मोह बघायचा राहिलाच आहे. पण सध्या तरी आमचा रविवार तलावावर. आठ वाजले की आई उठवतेच, चला रे, ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे घालायचेत, ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या साड्या अंथरायला दोन माणसं लागतात.