हाताने सीड फ्रेज बनवायची तर चिठ्ठ्या, नाणं की फासा?

सीड फ्रेज म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनाच्या वॉलेटची किल्ली ठरणारे बारा किंवा चोवीस शब्द. ती सॉफ्टवेअरकडून घ्यायची नाही, हा हट्ट अनाठायी नाही. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरमधल्या सीड बनवणाऱ्या आज्ञेत जेमतेम ३२ बिटांची यादृच्छिकता होती, म्हणजे संगणकाला एकेक करून तपासता येतील इतक्याच शक्यता, हे २०२३ मध्ये उघड झालं. तोवर अनेकांची वॉलेट्स रिकामी झाली होती. मात्र हाताने करायचं म्हणजे मनाला येतील ते शब्द लिहायचे, असं नाही. ते अंदाजाने हुडकता येतात. बीआयपी-३९ या प्रमाणित यादीतल्या २०४८ शब्दांतून निवड नशिबानेच व्हायला हवी.

प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी करून त्यांतून काढणं सर्वांत सोपं वाटतं, कारण आकडेमोड काहीच नाही. काढलेली चिठ्ठी परत टाकायची का, यावर लोक उगाच वाद घालतात. बारा शब्दांत त्याने एका बिटाचाही फरक पडत नाही. खरी अडचण मिसळण्याची आहे. इतके कागद एकमेकांना चिकटतात, शेजारचे शब्द शेजारीच राहतात, आणि नीट मिसळले का हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी चिठ्ठ्या सुचवणार नाही.

नाण्याला शब्दामागे ११ फेका लागतात, कारण २ चा ११ वेळा गुणाकार केला की २०४८ होतात. नाणं एकीकडे झुकतंय अशी शंका असेल, तर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांची युक्ती आहे: दोनदा फेका, छापा-काटा आला तर १, काटा-छापा आला तर ०, दोन्ही सारखे आले तर जोडी सोडून द्या. पद्धत चोख आहे, पण फेका सरासरी चौपट होतात. कंटाळलेला माणूस सलग सहा छापे पाहून ‘हे काही खरं नाही’ म्हणत पुन्हा फेकतो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

माझा कौल फाशाला. पाच फेकांत फक्त १ ते ४ धरा, ५ किंवा ६ आला तर पुन्हा टाका. सहाव्या फेकीत नुसतं सम-विषम पाहा. पाच वेळा ४ आणि एकदा २ यांचा गुणाकार बरोबर २०४८. पाचही आकड्यांतून एकेक वजा करून त्यांना अनुक्रमे ५१२, १२८, ३२, ८ आणि २ ने गुणा, बेरीज करा, सहावी फेक विषम असेल तर आणखी १ मिळवा. येईल तो यादीतल्या शब्दाचा क्रमांक. यादी १ पासून सुरू होत असेल तर शेवटी एक वाढवा.

शेवटच्या शब्दापाशी मात्र तिन्ही पद्धती अडतात. त्यात चेकसम, म्हणजे आधीच्या शब्दांवरून काढलेला पडताळणीचा भाग असतो, आणि तो काढणाऱ्या एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेच्या ६४ फेऱ्या कागदावर करणं चुकांना आमंत्रण आहे. बारा शब्दांच्या फ्रेजसाठी बारावा शब्दही फाशानेच काढा आणि कधीही नेटला न जोडलेल्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (किल्ली जपणाऱ्या छोट्या उपकरणात) सगळे शब्द टाकून पाहा. सरासरी सोळांत एक शब्द स्वीकारला जातो. नाकारला तर दुसरा काढा. चोवीस शब्दांना हेच प्रमाण २५६ मध्ये एक होतं, तेव्हा सीडसाइनरसारखं शेवटचा शब्द काढून देणारं ऑफलाइन उपकरण घ्या.