चार सीओटू मशीनवर पाच महिने : बिनतारी वेल्डिंग सेन्सरांचा अनुभव

भोसरीतील आमच्या लहानशा फॅब्रिकेशन कारखान्यात चार सीओटू मशीनवर (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून वेल्डिंग करणारी यंत्रे) बसवलेले बिनतारी सेन्सर पाच महिने वापरून झाले आहेत. प्रत्येक मशीनला केबलभोवती अडकवायचा करंट सेन्सर, फीडरपाशी (तार पुढे सरकवणाऱ्या भागापाशी) व्होल्टेज मोजणारी जोडणी आणि गॅसच्या नळीत बसणारा प्रवाहमापक मिळतो. मशीन उघडावे लागत नसल्यामुळे बसवायला अर्धा दिवस पुरला.

सर्वांत कामाचा ठरला तो प्रवाहमापक. सिलिंडरवरच्या रेग्युलेटरवर मिनिटाला 15 लिटर दिसत असताना फीडरपाशी मात्र 9 लिटरच पोहोचत होते, कारण मधला एक क्लिप ढिला झाला होता; पूर्वी हे ब्लोहोल (जोडातली वायूची छिद्रे) दिसून जॉब ग्राइंडिंगला परत आल्यावरच कळत असे. करंट सेन्सरनेही एक चूक पकडून दिली. एका ब्रॅकेटच्या कोपऱ्यावर करंट दर वेळी घसरत होता, म्हणून जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा फिक्स्चरचा (जॉब जागेवर धरणाऱ्या साच्याचा) क्लॅम्प नोझलला आड येत असल्याने वेल्डरला तार लांब सोडून काम करावे लागत होते. दोष त्याच्या हाताचा नव्हता, आमच्या फिक्स्चरचा होता.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत झळकणारा ‘दर्जा’चा टक्का मात्र दिशाभूल करतो. 24 व्होल्ट आणि 200 अँपिअरवर मिनिटाला 400 मिलिमीटर वेग असेल, तर दर मिलिमीटरला 0.72 किलोज्यूल उष्णता जाते. वेग 300 वर आला की तीच 0.96 होते, पण टक्का जागचा हलत नाही, कारण या संचाला वेग कळतच नाही. आर्क किती सेकंद चालला याची नोंद तो ठेवतो, मग जोडाची लांबी भरण्याची सोय दिली असती, तर निदान सरासरी वेग तरी काढता आला असता! शिवाय मुळाशी जोड नीट मिसळला आहे की नाही, हे जॉब कापून मॅक्रो टेस्ट केल्याशिवाय समजत नाही, त्यामुळे ती आम्ही बंद केलेली नाही.

शेजारच्या टिग मशीनचा (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने वेल्डिंग करणाऱ्या यंत्राचा) आर्क हाय फ्रिक्वेन्सीने सुरू होताना सेन्सरांच्या नोंदी मधूनच गळतात. विक्रेत्याने रिसीव्हर उंचावर लावायला सांगितले. त्याने फरक पडला, तरी तक्रार पूर्ण मिटलेली नाही.

सेन्सर न बसवलेल्या उरलेल्या दोन मशीनसाठी मी फक्त प्रवाहमापक मागवले आहेत.